हात वर केला तर वरच राहतो: कॅटाटोनिया ओळखायचा कसा आणि पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. चोवीस वर्षांचा धाकटा भाऊ आठ-दहा दिवस गप्पगप्प होता आणि गेले चार दिवस एक शब्द बोललेला नाही. खाटेच्या कडेला तासन्‌तास एकाच अवस्थेत बसतो. डोळे उघडे असतात, पापणीही फारशी लवत नाही. घास भरवला तर तोंडात तसाच राहतो. हात वर करून सोडला तर वरच राहतो. घरात कुणी बाहेरची बाधा म्हणतं, कुणी नाटक. एका दवाखान्यात ‘मानसिक आहे’ म्हणून इंजेक्शन दिलं, तेव्हापासून अंग आणखी ताठलं. हा कोमा आहे का, आणि हा बरा होईल का?

वर्णनावरून हा कॅटाटोनिया, म्हणजे हालचाल आणि बोलणं यांवरचा ताबा सुटण्याची अवस्था, असण्याची दाट शक्यता आहे. कोमा वाटत नाही, कारण कोमात डोळे मिटलेले असतात आणि उचललेला हात सोडला की धपकन खाली पडतो. बरं होण्याबद्दल बोलायचं तर मनोविकारांमध्ये इतक्या लवकर आणि इतक्या ठळकपणे उतार पडणाऱ्या अवस्था थोड्याच आहेत. अट एवढीच की ती ओळखली गेली पाहिजे आणि तोवर शरीर टिकलं पाहिजे. चार दिवस पाणी पोटात नीट गेलेलं नाही, म्हणून शरीराचं आधी बघू.

आज रात्रीच करायच्या गोष्टी

त्याला आजच अ‍ॅडमिट करा. १०८ ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. मेडिसिन विभाग, आयसीयू आणि मनोविकार विभाग एकाच छताखाली आहेत असं ठिकाण निवडा, म्हणजे बहुतेक जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, किंवा गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था, पुढच्या उपचारांसाठी आहेतच. पण पहिल्या ४८ तासांत सलाईन, रक्ततपासण्या, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) आणि गरज पडली तर आयसीयू लागतो. सरळ मनोरुग्णालयात नेलं तर या गोष्टींसाठी परत धावपळ होते.

निघेपर्यंत तोंडात चमच्याने दूध, चहा किंवा सरबत ओतू नका. घरोघरी मायेपोटी हीच चूक होते. माणूस गिळत नसेल तर ओतलेलं फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया उभा राहतो. तोंडात साठलेला घास बोटाला कापड गुंडाळून काढा आणि त्याला कुशीवर झोपवा. घरात कुणाची झोपेची गोळी पडलेली असेल तर ‘याच गोळीने बरं होतं म्हणे’ असं वाचून ती देऊ नका. गोळी गिळायचाच प्रश्न आहे, शिवाय श्वासावर लक्ष ठेवणारं तिथे कुणी नाही.

सोबत तीन गोष्टी न्या. पहिली, दवाखान्यात दिलेल्या इंजेक्शनचं नाव, तारीख आणि वेळ. चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारून घ्या, उपचारांची दिशा यावर ठरते. दुसरी, चालू असलेल्या आणि अचानक बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटं. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं एक औषध), झोपेच्या गोळ्या किंवा दारू एकदम तोडल्यानेही कॅटाटोनिया होतो. तिसरी, मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ. ही अवस्था दिवसभरात कमीजास्त होते. घरी पुतळा झालेला माणूस ओपीडीच्या दारात चार पावलं टाकतो आणि मग ‘काही विशेष नाही’ असा शेरा पडतो. व्हिडिओ असला की तो पडत नाही.

नाटक, बाधा की आजार

खांद्याच्या रेषेत हात सरळ पुढे धरून घड्याळ लावा. निरोगी माणसाचा हात काही मिनिटांत दुखू लागतो, थरथरतो आणि हळूहळू खाली येतो. कॅटाटोनियाचा रुग्ण अडनिड्या अवस्थेत कितीतरी वेळ राहतो आणि चेहऱ्यावर त्रासाची रेषही उमटत नाही. काही रुग्ण उशी काढून घेतली तरी डोकं गादीपासून चार बोटं वर तसंच ठेवून पडून राहतात. हे ठरवून करता येत नाही.

यात बिघडतं ते इच्छेपासून हालचालीपर्यंतचं मधलं काम. हालचाल आखणारा मेंदूचा पुढचा भाग, खोलवरची बेसल गँगलिया नावाची केंद्रं आणि या दोहोंना आवरणारं गाबा हे रसायन यांचा ताळमेळ सुटतो. स्नायू धड असतात, नसा धड असतात, समजही बरीचशी जागी असते. फक्त ‘उठ’ हा हुकूम सुटत नाही, किंवा सुटला तर थांबत नाही. थांबत नसेल तर चित्र उलटं दिसतं: माणूस बिनकारण येरझाऱ्या घालतो, तेच वाक्य शंभर वेळा म्हणतो, कपडे काढतो, भिंतीवर आदळतो. हाही कॅटाटोनियाच, पण याला हमखास ‘वेडाचा झटका’ समजलं जातं आणि नेमकं चुकीचं औषध दिलं जातं.

बाधेबद्दल एवढंच. अंगारा लावला, देवाला नारळ ठेवला, याने नुकसान काही नाही. नुकसान दिवस जाण्याने होतं. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. अशा रुग्णाला वेदना झाली तरी हात झटकता येत नाही, त्यामुळे भाजल्याच्या जखमा खोल होतात.

या अवस्थेला नाव दिलं कार्ल कालबाउम या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने, १८७४ साली. पुढे क्रेपेलिन आणि ब्लॉइलर यांनी ती स्किझोफ्रेनियाच्या पोटात टाकली आणि शंभरेक वर्षं ती तिथेच अडकून पडली. तो गैरसमज अजून पुरता गेलेला नाही: कॅटाटोनिया दिसला की स्किझोफ्रेनियाचा शिक्का. खरं तर यातले बरेच रुग्ण तीव्र नैराश्याचे किंवा बायपोलरचे असतात. काही बाळंतपणानंतरच्या आजाराचे असतात, काही ऑटिझम असलेली किशोरवयीन मुलं असतात आणि बऱ्याच जणांत मूळ कारण शरीराचं असतं. मनोविकारांच्या २०१३ च्या अमेरिकन वर्गीकरणात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत कॅटाटोनियाला स्किझोफ्रेनियापासून सोडवून वेगळी जागा दिली गेली. तेव्हा तुमच्या भावाच्या फाइलवर पहिल्याच दिवशी स्किझोफ्रेनिया लिहिलं गेलं तर ‘कशावरून?’ असं विचारायला हरकत नाही.

हाताने करायची तपासणी

एमआरआयमध्ये कॅटाटोनिया दिसत नाही, रक्तातही सापडत नाही. तो बेडजवळ उभं राहून, हाताने तपासून सापडतो. यासाठी १९९६ सालची बुश-फ्रान्सिस मोजपट्टी वापरतात. तिच्यात २३ मुद्दे आहेत. पहिले १४ चाळणीचे, त्यांतले दोन किंवा अधिक २४ तास टिकलेले दिसले की कॅटाटोनिया धरून चालायचं. प्रत्येक मुद्द्याला जास्तीत जास्त ३ गुण, एकूण ६९. हा आकडा लिहून ठेवणं फार महत्त्वाचं, कारण औषध लागू पडलं की नाही हे त्यावरूनच कळतं.

तपासणी पाच-सात मिनिटांची आहे आणि थोडी विचित्र दिसते. नातेवाइकांना ती आधी समजावून सांगितलेली बरी, नाहीतर डॉक्टर थट्टा करताहेत असं वाटतं. आधी नुसतं बोलायचा प्रयत्न करतात. बोलता बोलता डॉक्टर स्वतःचं डोकं मोठ्या आविर्भावात खाजवतात. रुग्ण तेच करतो का हे पाहतात. मग ‘हात अगदी सैल सोडा’ असं सांगून कोपरातून हात वाकवतात, कधी हलक्या जोराने, कधी जास्त. हात मऊ मेणाची कांडी वाकवावी तसा, सारख्याच विरोधाने वाकला तर ते एक लक्षण. आपण जेवढा जोर लावू तेवढाच उलटा जोर लागत असेल तर ते वेगळं लक्षण. पार्किन्सनसारख्या ताठरपणात दातेरी चाक फिरावं तसे बारीक झटके बोटांना जाणवतात. ते इथे नसतात.

पुढचा भाग सूचनांचा. रुग्णाच्या पुढे केलेल्या हाताखाली एक बोट ठेवायचं आणि स्पष्ट सांगायचं, ‘मला हात वर उचलू देऊ नका.’ तरीही एका बोटाच्या स्पर्शाने हात टेबललॅम्पच्या दांडीसारखा वर जातो. मग हस्तांदोलनासाठी हात पुढे करायचा आणि तोंडाने म्हणायचं, ‘हात मिळवू नका.’ रुग्णाचा हात अर्ध्यात येतो, थांबतो, मागे जातो, परत येतो. त्या अडकलेल्या हातात हा सगळा आजार दिसतो. शेवटी खिशात हात घालत, ‘जीभ बाहेर काढा, टाचणी टोचायची आहे’ असं म्हणायचं. आपोआप आज्ञा पाळणारा रुग्ण जीभ काढतो. टाचणी अर्थातच टोचायची नसते. बाकीचं नर्सच्या नोंदींतून: २४ तासांत किती प्यायला, किती लघवी झाली, ताप, नाडी, बीपी. आणि दाराआडून थोडा वेळ नुसतं बघणं, कारण समोर कुणी नसताना रुग्ण कधी कधी वेगळा वागतो.

ते इंजेक्शन

गप्प, ताठ किंवा बेभान माणसाला सहसा दिलं जाणारं इंजेक्शन म्हणजे हॅलोपेरिडॉल, बरेचदा प्रोमेथाझिनसोबत. स्किझोफ्रेनियाच्या किंवा उन्मादाच्या भरात ते उपयोगी औषध आहे. पण ते डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा मार्ग अडवतं, आणि कॅटाटोनियात त्या मार्गावर आधीच खोळंबा असतो. त्यामुळे ताठरता वाढते आणि काही रुग्णांत प्रकरण जिवावर बेततं. ताप चढतो, नाडी १२० च्या वर जाते, बीपी वरखाली होतं, दरदरून घाम फुटतो, स्नायू लाकडासारखे होतात आणि विरघळू लागतात. याला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम म्हणतात. औषध न देताही कॅटाटोनिया या थराला जाऊ शकतो, तेव्हा त्याला घातक कॅटाटोनिया म्हणतात. बेडजवळ दोन्हींत फरक करणं अवघड असतं आणि पहिल्या तासांत त्याची गरजही नसते. दोन्हींत डोपामिन अडवणारी सगळी औषधं बंद, आयसीयू, अंग थंड करणं, सलाईन.

‘सगळी औषधं’ म्हणताना उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन विसरली जातात. मनोविकाराची नसली तरी डोपामिन तीही अडवतात, आणि कॅज्युअल्टीत ‘पोट रिकामं आहे, मळमळत असेल’ म्हणून सहज टोचली जातात.

तुमच्या भावाचं अंग इंजेक्शननंतर ताठलं, म्हणून दाखल होताच ताप, नाडी, बीपी आणि रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा घटक) मोजायला सांगा. सीपीके साधारण २०० च्या आत असतं. या गुंतागुंतीत ते १,००० च्या वर जाणं नेहमीचं. लघवी गडद चहासारखी दिसली तर स्नायूंचा गाळ मूत्रपिंडात चाललाय असं समजा आणि लगेच सांगा. रक्तातलं लोहही तपासून घ्यावं. कॅटाटोनियात ते कमी असेल तर हा धोका अधिक असतो. तपासणी स्वस्त आहे, पण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात या ताप-ताठरपणाला उष्माघात समजण्याची चूक होते. उष्माघातात स्नायू सहसा सैल असतात. ताठ असतील तर औषधांचा इतिहास विचारायचाच.

लोराझेपामची चाचणी

कॅटाटोनियाचं पहिलं औषध लोराझेपाम. चिंता कमी करणारं, झोप आणणारं औषध, आणि ते देऊन पुतळा झालेला माणूस जागा होतो, हे ऐकायला उलटं वाटतं. कारण वर आलंच आहे: ते गाबाला बळ देतं आणि अडकलेला हुकूम मोकळा होतो. १९३० च्या सुमारास बार्बिट्युरेटच्या इंजेक्शनाने हेच दिसून आलं होतं. कॅटाटोनियासाठी लोराझेपाम १९८० च्या दशकात वापरात आलं आणि जास्त सुरक्षित ठरलं.

चाचणी अशी. मोजपट्टीवर गुण लिहायचे. शिरेतून १ ते २ मिलिग्रॅम सावकाश द्यायचं, बोटाला ऑक्सिजन मोजणारं क्लिप लावून. पाच मिनिटांनी परत गुण मोजायचे. फरक नसेल तर पुन्हा तेवढाच डोस. स्नायूत दिलं तर १५ मिनिटं थांबायचं, तोंडाने दिलं तर अर्धा तास. गुण निम्म्याने उतरले तर चाचणी सकारात्मक. दिसतं ते असं: आधी पापण्या लवू लागतात, मग नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाते, ओठ चाटले जातात, आणि बरेचदा पहिला शब्द ‘पाणी’ असतो.

यावर दोन गैरसमज लगेच उभे राहतात. घरचे म्हणतात, ‘बोलायला लागला, म्हणजे बरा झाला,’ आणि घरी न्यायची घाई करतात. चार-सहा तासांत असर ओसरतो आणि माणूस परत गोठतो. दुसरीकडे, ‘एका सुईने उठला म्हणजे नाटकच होतं’ असं म्हणणारेही भेटतात, कधी कधी वॉर्डातलेच. त्यांना सांगा की सलाईनने उठलेल्या माणसाचं डिहायड्रेशन नाटक ठरत नाही.

पहिल्या डोसला प्रतिसाद नाही म्हणून सोडून देणं ही उलट बाजूची चूक. सुरुवात १ ते २ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, मग रोज वाढवत ८ मिलिग्रॅमपर्यंत, काहींना १६ ते २४ पर्यंत जावं लागतं. एरवी ८ मिलिग्रॅम म्हणजे माणूस दिवसभर घोरत पडेल. कॅटाटोनियात तो जागा राहतो, आणि पेंग येऊ लागली की डोस पुरेसा झाला असं समजतात. दिवसाला २ मिलिग्रॅम देऊन ‘लोराझेपाम दिलं, फरक नाही’ असं फाइलवर लिहिलेलं सर्रास दिसतं. तो अपुरा प्रयत्न आहे. पुऱ्या डोसला तीन ते पाच दिवसांत उतार नसेल तर पुढच्या उपायाकडे वळायचं. लहान गावात इंजेक्शन मिळायला अडचण येते, कारण त्याची कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते. तिथे डायझेपाम चालतं किंवा लोराझेपामची गोळी जिभेखाली देतात. झोल्पिडेम १० मिलिग्रॅमनेही चाचणी करता येते.

वय झालेल्या, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या किंवा घोरता घोरता श्वास थांबणाऱ्या रुग्णात अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात.

असंच दिसणारे दुसरे आजार

फार धोका इथे आहे. ‘मानसिक आहे’ एकदा लिहिलं गेलं की पुढची तपासणी थांबते.

वीस-पंचवीस वर्षांच्या आत, विशेषतः मुलींमध्ये, आधी ताप-डोकेदुखी, मग काही दिवसांत भ्रम, मग तोंडाच्या चमत्कारिक हालचाली (ओठ चघळणं, जीभ फिरवणं), झटके आणि मग कॅटाटोनिया असा क्रम असेल तर एनएमडीए-विरोधी मेंदूदाह मनात आणायलाच हवा. हा आजार २००७ साली ओळखला गेला. शरीराचीच प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांवर हल्ला करतात, आणि काही तरुणींमध्ये त्याचं मूळ अंडाशयातल्या टेराटोमा गाठीत असतं. पाठीतलं पाणी तपासून निदान होतं. मिथिलप्रेडनिसोलोन, इम्युनोग्लोब्युलिन आणि गाठ असल्यास शस्त्रक्रिया, हे उपचार. यातले कित्येक रुग्ण आधी मनोविकार वॉर्डात दाखल होतात.

झटके न दिसणारी मिरगी, म्हणजे मेंदूत सतत विजेचा गोंधळ आणि बाहेरून नुसता शून्यात बघणारा माणूस, हा दुसरा फसवा प्रकार. पापण्या किंवा ओठांचा कोपरा बारीक फडफडणं, एकदम सुरुवात, आधीचा मिरगीचा इतिहास ही सूचना. लोराझेपाम मिरगीवरचंही औषध असल्याने दोघंही सुईने जागे होतात. म्हणून सुईच्या असरावरून यांत फरक करता येत नाही, ईईजी लागतोच.

डेलिरियममध्ये, म्हणजे संसर्ग, सोडियम कमी होणं, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडणं यातून येणाऱ्या बेशुद्धी-भ्रमात, रुग्ण सुस्त आणि गोंधळलेला असतो, शुद्ध तासातासाला बदलते. ईईजीवर लाटा मंदावलेल्या दिसतात. मनोविकारातून आलेल्या कॅटाटोनियात त्या बहुधा ठीक असतात. हे ओळखणं गरजेचं, कारण निव्वळ डेलिरियममध्ये लोराझेपामने गोंधळ वाढू शकतो. आपल्याकडे टायफॉइड, मेंदूचा मलेरिया आणि क्षयाचा मेंदूज्वर या तिघांची नावं इथे घेतलीच पाहिजेत. टायफॉइडमध्ये उघड्या डोळ्यांनी निपचित पडलेला रुग्ण जुन्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा होता.

मेंदूच्या खोडात रक्तपुरवठा थांबून होणारी ‘कुलूपबंद’ अवस्था विरळा, पण चुकली तर अक्षम्य. माणूस पूर्ण शुद्धीत असतो आणि फक्त डोळे वर-खाली हलवू शकतो. म्हणून न बोलणाऱ्या प्रत्येक रुग्णाला एकदा तरी ‘ऐकू येत असेल तर वर बघा’ असं सांगून बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

हॅलोपेरिडॉल किंवा मेटोक्लोप्रमाइडनंतर काही तासांत मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जबडा आवळणं याला लोक धनुर्वात समजतात. तो औषधाचा दुष्परिणाम असतो आणि प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनाने थोड्याच वेळात सुटतो. तुमच्या भावाचं अंग ताठण्यात याचाही वाटा असू शकेल.

म्हणून पहिल्या दिवशीच्या तपासण्या: साखर, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन, यकृत, थायरॉइड, बी-१२, हिमोग्राम, सीपीके, लोह, एचआयव्ही, स्त्री असेल तर गर्भधारणेची चाचणी. मेंदूचा एमआरआय आणि ईईजी. हा त्रास पहिल्यांदाच आणि सोबत ताप, तर पाठीचं पाणी. तरुणात थरथर आणि यकृताचा बिघाड सोबत दिसला तर विल्सनच्या आजारासाठी (यात शरीरात तांबं साठतं) तांबंही.

वॉर्डात जिवाला धोका कशाचा

कॅटाटोनियाने थेट मृत्यू क्वचित होतो. न हलण्याने आणि न खाण्यापिण्याने होतो. पायाच्या शिरेत गुठळी धरते आणि सुटून फुप्फुसात जाते. पाच-सहा दिवस गोठलेला रुग्ण लोराझेपामने उठला, शौचालयापर्यंत चालत गेला आणि तिथेच कोसळला, असं होऊ शकतं ते या गुठळीमुळे. म्हणून हालचाल बंद असेपर्यंत रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन (एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज, मूत्रपिंड ठीक असल्यास), आणि उठवण्याआधी दोन्ही पोटऱ्यांची जाडी टेपने मोजून बघणं.

दर दोन तासांनी कूस बदलायची. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १.८ लिटर द्रव लागतो, आधीची तूट वेगळी. आठ तास लघवी नसेल तर ओटीपोट हाताने चाचपायचं. मूत्राशय तुडुंब भरूनही रुग्ण हूं की चूं करत नाही. डोळे उघडे राहतात, म्हणून थेंब टाकायचे. ग्लुकोजच्या आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यायचं, नंतर नव्हे, नाहीतर उपाशी मेंदूला इजा होते. आणि बरेच दिवसांच्या उपाशी माणसाला नळीतून एकदम पोटभर देऊ नये: फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम घसरून हृदयाची लय बिघडते. किलोमागे १० कॅलरीपासून सुरू करून चार-पाच दिवसांत वाढवायचं. ‘दहा दिवसांचा भुकेला आहे’ म्हणून डब्यातून आणलेला शिरा पहिल्याच दिवशी भरवणाऱ्या आईला हे समजावणं वॉर्डातलं सगळ्यात अवघड काम.

त्याच्यासमोर जपून बोला. ऐकू येत असतं. बरे झाल्यावर कित्येक रुग्ण त्या दिवसांतली वाक्यं जशीच्या तशी सांगतात, आणि त्या वेळची भीतीही. जागेच्या वाटणीची किंवा लग्न मोडण्याची चर्चा उशाशी करू नका. सुई टोचण्याआधी, कूस बदलण्याआधी त्याला सांगा.

शॉक देऊ का, म्हणून विचारलं तर

लोराझेपाम पुरेसं पडलं नाही, किंवा ताप-घाम-बीपीचं चित्र दिसलं, तर ईसीटी, म्हणजे विजेने मेंदूत झटका आणण्याचा उपचार, हा सगळ्यात खात्रीचा उपाय. झटक्यांच्या उपचारांची सुरुवातच कॅटाटोनियापासून झाली: १९३४ साली बुडापेस्टमध्ये मेडुना यांनी कापराने झटका आणून ज्या पहिल्या रुग्णावर उपचार केले तो कॅटाटोनियाचा होता. विजेचा वापर १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाला. जुन्या सिनेमात दिसणारी चार जणांनी धरून दिलेली ‘शॉक ट्रीटमेंट’ आता नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांशिवाय ईसीटी देण्यावर बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलांना ती एरवी देता येत नाही. गरजच असेल तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. तातडीचे उपचार म्हणून, संमतीशिवाय, ती देता येत नाही. रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे बहुधा तुम्ही, निर्णयात मदत करतो. ही कागदपत्रं पहिल्याच दिवशी करून ठेवा, पाचव्या दिवशी सहीसाठी धावू नका.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, बहुधा सहा ते बारा बैठका. घातक प्रकारात सुरुवातीला रोजही देतात. दोन गोष्टी भूलतज्ज्ञाच्या कानावर घालाच. रुग्ण किती दिवस हललेला नाही, कारण बराच काळ निश्चल असलेल्या माणसात सक्सिनिलकोलिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने पोटॅशियम एकदम उसळू शकतं आणि मग दुसरं औषध निवडतात. आणि लोराझेपाम कधी व किती दिलं, कारण ते झटका येऊ देत नाही. सकाळचा डोस पुढे ढकलतात किंवा फ्लुमाझेनिलने त्याचा असर तात्पुरता उतरवतात. विसर पडणं हा खरा दुष्परिणाम आहे. तो मुख्यतः त्या आठवड्यांपुरता असतो, तरी काहींना त्या काळातल्या काही आठवणी परत मिळत नाहीत. हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

ईसीटीची सोय नसेल तर अमँटाडिन किंवा मेमँटिन हे औषध जोडून बघतात. भ्रम-भासांसाठी औषध द्यावंच लागलं तर ते कॅटाटोनिया उतरल्यावर, लोराझेपाम चालू ठेवून, कमी ताकदीचं आणि सावकाश.

घरी गेल्यावर

लोराझेपाम एकदम थांबवू नका. मूळ आजाराचा उपचार बसेपर्यंत चालू ठेवतात आणि मग आठवड्यांच्या हिशोबाने उतरवतात. उतरवताना बोलणं कमी होणं, जेवताना घास हातात धरून थांबणं, दारात पाय अडखळणं ही परतीची पहिली चिन्हं. तेव्हा आधीच्या डोसवर परत जाऊन डॉक्टरांना फोन करायचा. रात्री-अपरात्री विचारायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

डिस्चार्ज घेताना कार्डावर ठळक अक्षरांत तीन ओळी लिहून घ्या आणि फोटो काढून घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ठेवा: निदान कॅटाटोनिया; लोराझेपाम अमुक मिलिग्रॅमला प्रतिसाद; हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रमाइड टाळावं. पुढच्या वेळी कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता त्याच्या वतीने बोलायला ते कार्डच असेल.